फोटोच्या पाठीवर

मागच्या चवथीला दुसऱ्या दिवशी दुपारची आरती आटोपली, जेवणं झाली आणि सतरंजी पसरून घरची सगळी मंडळी लॅपटॉपभोवती बसली. आमच्या घरी हा आता जवळजवळ कुळाचारच झाला आहे. मुंबई, बेळगाव, पुणे आणि एक थेट लिस्बन अशी पांगलेली भावंडं वर्षातून एकदा गावच्या घरी भेटतात. घरातल्या फोटोंचा कारभार माझ्याकडे. त्यामुळे वर्षभर साठवून ठेवलेले प्रश्न मी त्या दिवशी त्यांच्यापुढे मांडतो. हे कोण? हे कुठलं? हे कधीचं? प्रश्न एवढे तीनच, पण त्यांवर संध्याकाळच्या आरतीपर्यंत वाद चालतो.

२००३ साली मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. तेव्हापासून जमलेल्या फोटोंची संख्या आता ४१ हजारांवर गेली आहे. त्याशिवाय घरात तीन जुने आल्बम आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यातले साधारण अकराशे फोटो मी २००६ साली एका पावसाळ्यात बसून स्कॅन केले. वाटलं, झालं काम! आता वाळवी नाही, दमट हवा नाही, बुरशी नाही. पुढे कळलं की कामाला सुरुवातही झालेली नव्हती. फोटो वाचले होते, पण त्यांत कोण आहे हे सांगणारी माणसं एकेक करून जात होती.

हल्ली ज्याला ‘टॅग’ म्हणतात ती चीज काही नवी नाही. आमची आजी कोठीतल्या बरण्यांना चिठ्ठी बांधायची. बिंब्लीचं लोणचं, अमुक सालचं. चिठ्ठी गळून पडली तरी बरणीत लोणचं तेच राहतं, फक्त ते कुठलं नि कधीचं हे झाकण उघडून चाखावं लागतं. फोटोचं तसं नाही. त्याची चिठ्ठी गळली की चाखून कळण्यासारखं फारसं काही उरत नाही. या चिठ्ठ्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो आमच्या बिस्किटांच्या डब्यापर्यंत येऊन पोचतो. तो सांगावा म्हणून आज बसलो आहे.

पहिला प्रश्न ‘कधीचं’ हा घेऊ. डिजिटल कॅमेरा फोटोच्या फाईलीतच तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती लिहून ठेवतो. या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. १९९५ साली जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ती प्रथम आखून दिली. मात्र फोटोवर लगोलग टिपण करण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. १९१४ साली कोडॅक कंपनीने ‘ऑटोग्राफिक’ नावाचे कॅमेरे बाजारात आणले. हेन्री गाइसमन या संशोधकाची ती युक्ती कोडॅकने विकत घेतली होती. कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटं दार असायचं आणि सोबत धातूची लेखणी. फोटो काढला की दार उघडायचं, आतल्या कागदावर लेखणीने तारीख, गाव, नाव लिहायचं आणि दार क्षणभर उजेडात धरायचं. फिल्म धुतली की ती अक्षरं निगेटिव्हच्या कडेला उमटलेली दिसायची. माणसं फोटो काढतात आणि मागाहून विसरतात, हे त्या काळीही ठाऊक होतं. पण थांबून चार अक्षरं लिहिण्याचा कंटाळा तेव्हाही असावा. तिशीच्या दशकात हे कॅमेरे बाजारातून गेले.

आजचा कॅमेरा आपल्याऐवजी तारीख लिहितो खरा, पण तोही खोटं बोलतो. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचे सेल काढून घातले की त्याचं घड्याळ मागे जाऊन १ जानेवारीवर बसायचं. मी ते लावायला विसरायचो. परिणामी आमच्या घरच्या दोन चवथी, एक शिगमो आणि धाकट्या बहिणीचं लग्न, सगळं एकाच १ जानेवारीला झाल्याची नोंद आहे. स्कॅन केलेल्या फोटोंची तऱ्हा त्याहून न्यारी. फाईलीवर तारीख पडते ती स्कॅन केल्याची. संगणकाला विचारलं तर माझे पणजोबा २००६ सालच्या जुलै महिन्यात पागोटं घालून फोटोला बसले होते!

मग जुन्या फोटोंचा काळ ठरवायचा कसा? फोटोतच खुणा शोधाव्या लागतात. पणजीत काढलेल्या फोटोंसाठी मांडवीवरचे पूल हेच आमचं पंचांग. जुना नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो मागे धडधाकट उभा दिसला की फोटो त्याआधीचा. केबलवर तोललेला उंच अटल सेतू दिसला की २०१९ च्या जानेवारीत झालेल्या उद्घाटनाच्या आसपासचा किंवा नंतरचा. वाहनांच्या पाट्याही उपयोगी पडतात. ‘जीडी’ने सुरू होणारा नंबर म्हणजे गोवा, दमण, दीव एकत्र असतानाची नोंदणी. अशी स्कूटर पुढेही वीस वर्षं धावत असेल, त्यामुळे त्यावरून फोटोचं साल ठरत नाही. उलट पाटीवर ‘जीए’ असेल, तर तो फोटो ३० मे १९८७ च्या, म्हणजे घटकराज्याच्या नंतरचाच. असं करत करत निम्म्या फोटोंना मी साल लावू शकलो. जिथे खात्री नाही तिथे ‘१९५५ च्या सुमारास’ असं शब्दांत लिहिलं. तारखेच्या रकान्याला ‘सुमारास’ हा शब्द समजत नाही. इतिहासाचं त्या शब्दावाचून चालत नाही.

दुसरा प्रश्न ‘कुठलं’. हल्लीचे फोन उपग्रहांच्या मदतीने ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवतात, पण जुन्या फोटोंत ते आपण घालायचे. तिथे नावांचा घोळ सुरू होतो. एका फोटोच्या पाठीवर ‘नोव्हा गोवा’ लिहिलंय, म्हणजे पणजी. एका चुलतआजोबांचे फोटो ‘लॉरेन्सु मार्किश’चे आहेत. मोझांबिकमधल्या त्या शहराचं नाव १९७६ पासून मापुतो झालं. बेळगाव आता कागदोपत्री बेळगावी. माझा भाचा म्हणतो, नवीन नावच लिहा, शोधायला सोपं. मी दोन्ही लिहितो. फोटो ज्या गावात काढला त्या गावाचं तेव्हाचं नाव पुसण्याचा अधिकार मला नाही, आणि उद्या शोधणाऱ्याला आजचंच नाव ठाऊक असणार.

पण खरा पेच पडला तो मामीच्या माहेरच्या फोटोंपाशी. तिचं माहेर सांगे तालुक्यातलं कुर्डी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. साळावली धरणासाठी ऐंशीच्या दशकात इथली माणसं उठवून दुसरीकडे वसवण्यात आली आणि गाव पाण्याखाली गेलं. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गावाची जमीन वर येते, घरांचे चौथरे दिसतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. मामीकडे तिच्या घराचे चार फोटो आहेत. अंगणात तुळस, ओसरीवर तिचे वडील. या फोटोंना ठिकाण लावायचं म्हणून मी नकाशा उघडला आणि बोट ठेवलं ते निळ्या पाण्यावर! मामी शेजारी बसली होती. तिने पडद्यावर बोट सरकवलं आणि म्हणाली, “हांगा आमचें दार.” मी ती खूण तिथेच ठेवली आहे. संगणक त्या फोटोंना आजही तलावातले फोटो समजतो.

आता तिसरा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, ‘कोण’. तुम्हाला वाटेल, नाव लिहायला काय लागतं? मलाही तसंच वाटायचं. सुरुवातीला मी ‘आई’, ‘आजी’, ‘बाबीकाका’ अशा चिठ्ठ्या लावत सुटलो. दोन वर्षांनी माझ्या मुलीने विचारलं, “यांतली आजी कोणती? तुझी की माझी?” नात्याचं नाव हे बोलणाऱ्यापुरतंच खरं असतं. एक पिढी सरकली की ते चुकतं.

खरं नाव लिहावं म्हटलं तर कुठलं? आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आमच्या घराण्यात एकाच नावाचे चार पुरुष होऊन गेले. नावापुढे जन्मसाल लिहिल्याशिवाय त्यांची फोड होत नाही. बायकांची कथा आणखी वेगळी. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळावर लिहिलेलं दुसरं. आमच्या आजीच्या माहेरचं नाव घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मिळालं तिच्या भावाच्या नातवाकडे. त्यात भर पोर्तुगीज अमदानीतल्या स्पेलिंगची. जुन्या दाखल्यांत कामतांचे ‘कामोतीं’ झालेले, प्रभूंचे ‘पोरोबो’ आणि शेणयांचे ‘सिनाय’. मुक्तीनंतर कुणी जुनं रूप ठेवलं, कुणी बदललं. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० साली वेगळा कायदाच झाला. म्हणून आता मी प्रत्येकाचं एक मुख्य नाव ठरवतो आणि बाकीची नावं त्याच्याखाली लिहितो. गावांच्या बाबतीतही तेच. ‘मडगाव’ लिहायचं की ‘मडगांव’, हे एकदा ठरवून वहीत लिहून ठेवलं नाही, तर एका अनुस्वारापायी निम्मे फोटो शोधताना गळतात.

फोटोखाली काय लिहावं हा प्रश्न आपल्या देशात फोटोग्राफी आली तेव्हापासूनचा आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर त्या काळच्या मोजक्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक. हे कुटुंब आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचं. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली भाऊंचं नाव दिलं गेलं. गोव्याच्या मातीतल्या माणसाने इतक्या लवकर कॅमेरा हाती धरला, ही आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

पण त्या काळी कॅमेऱ्यापुढे जी साधी माणसं उभी राहिली, त्यांचं काय झालं? विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसांचे फोटो एकीकडे काढून वेगळ्याच देखाव्यावर जोडलेले आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पाठबळाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात चारशेहून अधिक फोटो आहेत. राजेरजवाडे, सरदार अशा काहींची नावं त्यात मिळतात. बाकी बहुतेकांच्या खाली जात, जमात, धंदा आणि प्रदेश. डोळ्यांत डोळे घालून बघणारा माणूस समोर, आणि खाली लिहिलेलं असतं तो कसल्या प्रकारचा आहे एवढंच. त्याला नाव होतं, घरच्यांनी ते हाकही मारून घेतलं असेल. लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही. आज त्याचे पणतू तो ग्रंथ चाळत असतील, तरी आपला पणजोबा त्यांना ओळखता येणार नाही.

हे वाचताना मला साहेबाचा राग यायचा. मग एके दिवशी आमचाच आल्बम पुढे आला.

थोरल्या काकांच्या मुंजीचा फोटो आहे, १९५१ सालचा. मडगावहून फोटोग्राफर बोलावला होता. ओसरीच्या पायऱ्यांवर तेवीस माणसं. १९८१ साली काकांनी स्वतः बसून आल्बममधल्या प्रत्येक फोटोखाली सुंदर अक्षरात नावं लिहून काढली. काकांचे उपकार केवढे, हे असलं काम करणाऱ्यालाच कळेल. मुंजीच्या फोटोखालीही डावीकडून उजवीकडे ओळीने नावं आहेत. मी ती बिनचूक उतरवून घेतली. पंधरा वर्षं तो फोटो माझ्या लेखी पूर्ण झालेला होता. नावं बावीस आहेत आणि माणसं तेवीस, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

ते लक्षात आणून दिलं यंत्राने. चेहरे ओळखणाऱ्या हल्लीच्या प्रणाली प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांत मांडणी करतात आणि ज्यांचे आकडे जवळजवळ येतात ते चेहरे एका गटात टाकतात. त्यात चुकाही विनोदी होतात. आमची आजी आणि माझी भाची ही एकच व्यक्ती आहे, असं यंत्राचं अजूनही मत आहे. पण एक दिवस त्याने नऊ चेहऱ्यांचा एक गट पुढे ठेवला आणि विचारलं, हे कोण? पोलका, काष्टी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, वय विशी-पंचविशीचं. एका फोटोत ती मांडवामागे चुलीपाशी. एकात विहिरीच्या काठावर अर्धवट दिसते. एकात दाराआडून बघते. मुंजीच्या फोटोत ती खांबाला लागून उभी आहे. आणि नवव्या फोटोत तिच्या कडेवर तीनेक वर्षांचं मूल आहे. ते मूल म्हणजे माझे वडील. त्यांचा लहानपणचा हा एकमेव फोटो. मी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. त्याखाली काकांच्या अक्षरात एकच नाव आहे, वडिलांचं.

आम्ही सगळ्यांनी तो फोटो शेकडो वेळा बघितला होता. फोटोत दोन माणसं आहेत, हे कुणीच कधी बोललं नव्हतं. घरचा कोण आणि कामाचा कोण, मधला कोण आणि कडेचा कोण, हे आमच्या डोळ्यांना शिकवलेलं होतं. यंत्राला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याने तिला पणजोबांच्या रांगेत आणून बसवलं.

चवथीच्या त्या दुपारी मी नऊही फोटो एकामागून एक दाखवले. बहुतेकांनी माना हलवल्या. आत्या मात्र गप्प झाली. तिचं वय अठ्ठ्याऐंशी, आमच्या घरातली ती शेवटची साक्षीदार. थोड्या वेळाने म्हणाली, “ती आमच्या मुंडकाराची सून. तुझ्या बापाला तिनेच वाढवला. आई बाळंतपणानंतर सहा महिने अंथरुणाला होती ना.” मी नाव विचारलं. आत्याने डोळे मिटले, पुष्कळ आठवून बघितलं. घरात तिला हाक मारायचे ते टोपणनाव निघालं. खरं नाव आठवेना.

मग मी भाबडेपणाने म्हटलं, “पण काकांनी नाव का नाही लिहिलं? त्यांना तर ठाऊक असणार.” यावर जी शांतता पसरली तिचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ साली गोव्यात मुंडकार कायदा झाला. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला घरातून काढता येणार नाही, आणि घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा त्याला हक्क राहील, असा तो कायदा. कायदा न्यायाचाच होता. पण गावोगाव दोन उंबरठ्यांमधलं बोलणं त्याने थांबलं. आमचं घर मोठं भाटकाराचं नव्हतं. तरीही आमच्या आणि त्यांच्या घरात मामलेदार कचेरीत दावा चालला. काकांनी आल्बमखाली नावं लिहिली ती १९८१ साली, दावा ऐन भरात असताना. ते विसरले की त्यांनी गाळलं, हे विचारायला आता काका नाहीत. मी त्यांना दोषी धरत नाही. एवढंच म्हणतो की चिठ्ठी लिहिणारा ज्या दिवशी लिहायला बसतो, तो दिवसही चिठ्ठीत उतरतो.

चवथ झाल्यावर मी तिच्या घरी गेलो. आमच्या घरापासून ते चालत सात मिनिटांवर आहे, आणि माझ्या आयुष्यात मी तिथे पहिल्यांदा गेलो. तिच्या नातीचं तिथे छोटं दुकान आहे. मी कोण हे सांगितल्यावर ती जरा सावरून बसली. जमिनीचं काही काम काढलं असेल, असं तिला वाटलं असावं. मी फोन पुढे केला. तिने फोटो बघितला, मोठा केला, परत बघितला आणि आत हाक मारली. घरातले सगळे बाहेर आले. त्यांच्याकडे आजीचा एकच फोटो होता, सरकारी ओळखपत्रासाठी म्हातारपणी काढलेला. तरुण वयातली आजी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. सत्तर वर्षं ती आमच्या डब्यात होती.

नातीने आजीचं पूर्ण नाव सांगितलं. माहेरचं नाव आणि गावही सांगितलं. वर माझी एक चूकही सुधारली. वडिलांना कडेवर घेतलेला फोटो मी ‘१९५१ च्या सुमारास’ म्हणून लावला होता. ती म्हणाली, आजीच्या गळ्यात हे मणी आहेत, म्हणजे आमचे बाबा जन्मल्यानंतरचा. त्यांचा जन्म १९५२ चा. मुंडकारांच्या नोंदीत त्यांच्या घराचं नाव आहे ते तिच्या नवऱ्याचं. आमच्या आल्बमात ती नाही, त्या नोंदीतही ती नाही. निघताना नातीने विचारलं, “हो फोटो आमकां मेळटलो मरे?” मी नऊही फोटो छापून, चौकटीत घालून दिले. उपकार म्हणून नव्हे. ते मुळात त्यांचेही होते.

तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलं असेल. घरच्या फोटोवर नाव लिहिणं वेगळं आणि चार लोकांत छापणं वेगळं. छापायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या घराचा.

आता थोडं कामाचं. नावं लिहायची ती फोटोच्या फाईलीच्या आतच लिहा. पूर्वी एका प्रणालीत मी दोन वर्षं बसून नावं भरली होती. संगणक बदलला तेव्हा कळलं की ती नावं प्रणालीच्या स्वतःच्या वहीत होती. फोटो नव्या यंत्रात आले, नावं जुन्याबरोबर गेली. फाईलीच्या पोटात मजकूर ठेवण्याची सोय जुनी आहे. वृत्तसंस्थांना फोटोबरोबर मजकूरही पाठवावा लागे, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, म्हणजे आयपीटीसीने, तशी पद्धत घालून दिली. २००१ साली अडोबी कंपनीने ‘एक्सएमपी’ ही नवी पद्धत आणली. तिच्यात देवनागरी अक्षरं धड राहतात. आपल्या प्रणालीत नावं फाईलीत लिहिण्याची सोय आहे का, ती चालू आहे का, हे आधी तपासा. फोनवरून निरोपासारखा पाठवलेला फोटो बहुधा आकुंचित होऊन जातो आणि ही माहिती वाटेत गळते, म्हणून मूळ फाईल जपा. छापील फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेनाचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. आणि लिहिण्याआधी एक करा. फोटोतली डोकी मोजा, मग नावं मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

तंत्र बदलत राहील. आजच्या प्रणाली उद्या नसतील. पण ‘हा कोण’ याचं उत्तर देणारं माणूस घरात फार दिवस नसतं, हे काही बदलणार नाही. आत्या आता थकली आहे. दर रविवारी मी तिला दहा फोटो दाखवतो, त्याहून जास्त नाही. ती बोलते ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो. तुमच्या घरात अशी आत्या असेल तर पुढच्या चवथीपर्यंत थांबू नका.

असो. काकांच्या आल्बममध्ये मुंजीच्या फोटोखाली त्यांची ओळ जिथे संपते, तिथे थोडी जागा शिल्लक होती. गेल्या आठवड्यात मी पेन्सिलीने तेविसावं नाव तिथे लिहिलं. अक्षर काकांसारखं सुंदर नाही, पण वाचता येतं.